कारणाचा रकाना

१

वऱ्हाड-नागपूरकडे जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्याने तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यात बसून ‘कोतवाल बुका’ची पिवळी, कोपरे झडलेली पाने एकदा तरी उलटलेली असतात. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी देई, लिहिणारा ती बापाच्या नावानिशी व जातीनिशी टिपून घेई, आणि मृत्यूच्या नोंदीत एक अरुंद रकाना कारणासाठी राखलेला असे. पूर्वजाचा माग काढणाऱ्याचे सारे लक्ष जातीच्या रकान्यावर खिळलेले असते; कारणाच्या रकान्याकडे पाहण्याची सवड त्याला नसते. त्या काळी सरकारला पटकी, देवी आणि प्लेग यांची धास्ती होती, म्हणून त्यांना स्वतंत्र सदरे मिळाली. जे मूल यांपैकी कशानेच गेले नाही, ते बहुधा ‘ताप’ या सदरात जमा होई. यात लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. त्या मुलाचा श्वास अखेरच्या रात्री कसा चालला होता, हे वर्दी देणाऱ्याने पाहिलेले नव्हते, आणि जिने ते रात्रभर मांडीवर घेऊन पाहिले होते तिला कोणी विचारलेले नव्हते.

लहान मुलांच्या श्वसनरोगांवर पाळत ठेवण्याचा गेल्या चाळीस वर्षांतील सारा उद्योग म्हणजे, माझ्या मते, त्या अरुंद रकान्यात खरे कारण लिहिता यावे यासाठी चाललेला खटाटोप आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागतात, बर्फाच्या पेट्या लागतात, संगणक लागतात. परंतु त्या सर्वांच्या आधी एक साधा प्रश्न निकालात काढावा लागतो, तो हा की, ही पाळत सुरू कोठे व्हायची, इस्पितळाच्या दारात की घराच्या उंबरठ्याच्या आत?

२

आपल्या भाषेला या दुखण्याची ओळख नव्हती असे नाही. ‘छाती भरली’, ‘घरघर लागली’, ‘पोट उडते आहे’, ‘डबा झाला’ अशा किती तरी शब्दांनी आया-आज्यांनी ते ओळखलेले आहे, आणि त्यांतील ‘पोट उडणे’ हा शब्दप्रयोग तर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात घालावा इतका अचूक आहे. फुप्फुसांत पुरेशी हवा शिरेनाशी झाली म्हणजे अर्भक पोटाचे स्नायू कामाला लावते, श्वासाची गती वाढवते, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. पाहणाऱ्याला हे दिसत होते; उणीव होती ती या दिसण्याला आकड्याची जोड देण्याची.

ती जोड दूरच्या डोंगरांतून आली. पापुआ न्यू गिनीच्या गोरोका या गावी काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी १९८२च्या सुमारास असा विचार मांडला की, जेथे क्ष-किरण यंत्र नाही आणि छाती तपासण्याची नळी वापरू जाणणारा डॉक्टरही नाही, तेथे मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो एवढे जरी मोजले, तरी साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतील फरक पुष्कळ अंशी कळतो. १९८८मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी हीच कसोटी आपल्याकडील मुलांना लावून पाहिली आणि तीत वयानुसार भेद केला पाहिजे असे दाखवून दिले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा आज प्रत्येक आशा सेविकेला तोंडपाठ असतात: दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४०, याइतका किंवा याहून अधिक श्वास चालला तर तो वेगवान समजावा.

सांगायला हे सोपे, करायला कठीण. मूल रडत असेल तर मोजणी व्यर्थ, अंगावर पीत असेल तरी व्यर्थ. अंगावरचे कापड वर सारून, पोटाच्या वरखाली होण्यावर दृष्टी ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई येथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, मध्येच थांबतो, मध्येच धावतो. आणि ज्या सुईणीला साठपर्यंत मोजताच येत नाही, तिने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत सापडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दाईंसाठी मण्यांचे एक साधन तयार केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्या जोडीला, दोन वयोगटांसाठी, मण्यांच्या दोन ओळी. दहापर्यंतची मोजणी कोणालाही येते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर मुलाला न्यूमोनिया झाला असे धरून औषध सुरू करायचे. प्रत्यक्ष प्रयोग १९८८मध्ये सुरू झाला. ५८ गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते आणि दाया न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देत होत्या, तर शेजारची ४४ गावे तुलनेसाठी ठेवलेली होती. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९०मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूमोनियाने होणारे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१. ज्यांना आजवर ‘अडाणी’ म्हणून हिणवले गेले त्या बायांनी मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले होते.

३

मात्र श्वासाची गती रोग झाल्याचे सांगते, रोग कोणाचा ते सांगत नाही. तांबडा मणी जिवाणूंच्या न्यूमोनियातही येतो आणि विषाणूंच्या संसर्गातही येतो. ज्या काळी जिवाणूंनी मुले पटापट दगावत होती, त्या काळी सर्वांनाच प्रतिजैविक देणे हे शहाणपणाचे होते. पुढे परिस्थिती पालटली. हिब जिवाणूवरील लस पेंटाव्हॅलंट या संयुक्त लसीच्या रूपाने २०११पासून टप्प्याटप्प्याने आली, न्यूमोकोकस या जिवाणूवरील लस २०१७पासून काही राज्यांत व २०२१मध्ये देशभर आली. आणि दोन मोठे वैरी मागे हटू लागताच त्यांच्या पाठीमागे उभा असलेला तिसरा अधिक स्पष्ट दिसू लागला. आशिया-आफ्रिकेतील सात देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१९मध्ये दाखवले की, गंभीर न्यूमोनियाने इस्पितळात दाखल झालेल्या मुलांत एकट्या एका विषाणूचा वाटा सुमारे ३१ टक्के होता. त्याचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, सुटसुटीतपणे आरएसव्ही.

याचा शोधही गमतीचा आहे. १९५६ साली अमेरिकेतील एका लष्करी संशोधन संस्थेत ठेवलेल्या चिंपांझींना पडसे झाले. त्यांच्यापासून विषाणू वेगळा काढण्यात आला, आणि त्या चिंपांझींची देखभाल करणाऱ्यांपैकी एकालाही पडसे झाले. म्हणून त्याचे नाव ठेवले ‘चिंपांझी पडशाचा घटक’. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरमधील आजारी मुलांत तोच विषाणू आढळला, तेव्हा ध्यानात आले की, बिचाऱ्या चिंपांझींवर उगाच आळ आला होता. रोग मूळचा माणसाचा, माणसाच्या मुलाचा.

मोठ्या माणसाला तो साधे पडसे देऊन जातो. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला त्याने एकदा तरी गाठलेले असते. परंतु अर्भकाच्या सूक्ष्म श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की, आतील अस्तर जरासे सुजले आणि मेलेल्या पेशी व चिकट स्राव यांचा बोळा त्यांत बसला, की हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. छाती फुगते, शीळ घातल्यासारखा आवाज येतो, आणि दूध ओढण्याचीही ताकद बाळात उरत नाही. २०१९ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले या विषाणूने दगावली असा अंदाज आहे. त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती, आणि जवळजवळ निम्मी सहा महिन्यांची व्हायची होती. त्या लाखांपैकी इस्पितळात मेलेली मुले केवळ २६ हजारांच्या आसपास होती. उरलेली घरी गेली, वाटेत गेली. त्यांचा हिशेब कोणत्याही केसपेपरवर नाही.

४

विषाणूंवर जगाने नजर ठेवली ती आधी इन्फ्लुएन्झापायी. १९५२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रयोगशाळांचे जाळे उभारले. आणि योगायोग असा की, त्याच साली पुण्यात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली, जे १९७८पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. नमुन्याचा प्रवास आता सर्वत्र साधारण एकाच रीतीने होतो. बाळाच्या नाकपुडीतून पातळ काडी हलकेच आत घालून, फिरवून बाहेर काढतात. ती गुलाबी द्रवाच्या कुपीत बुडवतात. कुपीवर क्रमांक, वय, लक्षणे सुरू झाल्याची तारीख लिहितात. बर्फाच्या पेटीत घालून ती रवाना करतात. आणि प्रयोगशाळेत पीसीआर यंत्र विषाणूच्या जनुकीय लिपीतला एखादा तुकडा शोधून तो कोणाचा हे सांगते. यांतील प्रत्येक टप्पा आवश्यक आहे, परंतु सर्वांत निर्णायक टप्पा त्याही आधीचा आहे: कोणत्या मुलाच्या नाकात काडी घालायची, हे ठरवण्याचा.

येथे व्याख्येचा प्रश्न उद्भवतो, आणि व्याख्या हे प्रकरण वाटते तितके निरुपद्रवी नाही. इन्फ्लुएन्झाच्या जाळ्याने जी व्याख्या घालून दिली तीत खोकला हवा, दहा दिवसांच्या आतला आजार हवा, इस्पितळात दाखल करण्याची गरज हवी, आणि ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, निदान ताप येऊन गेल्याची हकीकत हवी. इन्फ्लुएन्झाला हे ठीक. पण आरएसव्ही झालेल्या पुष्कळ अर्भकांना ताप येतच नाही. काहींना खोकलाही येत नाही. दीड महिन्याचे बाळ नुसते मध्येच श्वास घ्यायचे थांबते, निळे पडते. अशी बाळे जाळ्याच्या डोळ्यांतून सुटून जात राहिली, आणि ती सापडली नाहीत म्हणून हा रोग फारसा नाही, असा निष्कर्ष निघत राहिला. २०१६ ते २०१८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह चौदा देशांत आरएसव्हीसाठी प्रायोगिक पाळत सुरू केली, तेव्हा तापाची अट काढून टाकण्यात आली, आणि सहा महिन्यांखालील बाळांसाठी श्वास थांबणे किंवा जंतुदोषाची (सेप्सिसची) लक्षणे असणे हेही पुरेसे मानण्यात आले. कोतवालाच्या वहीने श्वास ‘तापा’खाली पुरला होता, नव्या जगाच्या वहीने ताप नाही म्हणून श्वासाला आत घेतले नव्हते. दोन्ही चुका एकाच कुळातल्या.

५

व्याख्येप्रमाणेच ऋतूचेही आहे. युरोप-अमेरिकेची पुस्तके वाचून शिकलेल्या आपल्या मनात श्वसनाचे विषाणू म्हणजे हिवाळा हे समीकरण पक्के बसलेले असते, आणि काश्मीरकडे बऱ्याच अंशी, तर दिल्लीकडे निदान आरएसव्हीपुरते, ते खरेही आहे. महाराष्ट्राचे पंचांग निराळे. येथे इन्फ्लुएन्झाचा भर पावसाळ्यात येतो, आणि आरएसव्हीही पाऊस व त्यामागचे महिने धरून चालतो, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा ओल्या भिंतींच्या घरात सगळे कुटुंब चुलीभोवती कोंदून बसते, नाले भरल्याने वाट बंद असते आणि आई निंदणीला गेलेली असते.

हे पंचांग कायमचे नसते, हाही धडा नुकताच मिळाला. कोव्हिडच्या टाळेबंदीत आरएसव्ही जगातल्या अनेक देशांतून जणू नाहीसा झाला, आणि निर्बंध उठताच अवेळी परतला. ऑस्ट्रेलियात तर भर उन्हाळ्यात. २०२५च्या जानेवारीत आणखी एक प्रसंग घडला. बंगळुरूत दोन अर्भकांना एचएमपीव्ही हा विषाणू आढळल्याची बातमी आली, आणि दोन दिवस वाहिन्यांनी असा गलबला केला की जणू नवी महामारी वेशीवर येऊन ठेपली. वस्तुतः हा विषाणू नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१मध्येच ओळखलेला, आपल्याकडेही आधीपासून फिरत असलेला. बंगळुरूची ती दोन्ही मुले वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नेहमीच्या पाळतीतच सापडली होती. चौकीदाराने आपले काम केले, याबद्दल त्याची पाठ थोपटायची, तर आपण त्याच्या कंदिलालाच आग समजून धावत सुटलो.

६

आता उंबरठ्याकडे वळू. २००१मध्ये महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी गावोगावी प्रत्यक्ष घरे फिरून जन्म आणि मृत्यू मोजले, आणि राज्यात दरसाल सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत असे अनुमान काढले. सरकारी दफ्तरात त्यांचा लहानसा हिस्साच उमटत होता. विधिमंडळात खळबळ उडाली, समिती नेमली गेली. मोजणीचे काम राजकीय असते, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच उमगले.

या मोजणीला विषाणूची जोड देण्याचे काम अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात झाले. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांचा हा कोरकूंचा मुलूख. १९९३च्या बालमृत्यूंनी तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि त्यानंतर दर पावसाळ्यात येत राहिला. कुपोषण या एका शब्दात तेथील सारे मृत्यू गुंडाळण्याची सवय आपल्याला लागली होती. २०१६ ते २०१८ या काळात तेथील ‘महान’ ही संस्था, पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि परदेशी संशोधक यांनी आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील मुलांवर घरोघर पाळत ठेवली. आजारी मुलांचे नमुने घेतलेच, शिवाय घरी दगावलेल्या मुलांच्याही मृत्यूचा माग काढला. निघाले ते असे की, आरएसव्हीने होणाऱ्या मृत्यूंचा मोठा भाग इस्पितळाबाहेर घडतो. इस्पितळातील आकड्यांवर देशाचे धोरण आखणे म्हणजे विहिरीचे पाणी रहाटाच्या पोहऱ्यावरून मोजण्यासारखे आहे.

मग घराच्या आत कोण जाते? आशा सेविका. गडचिरोलीच्याच दुसऱ्या एका प्रयोगातून पुढे राष्ट्रीय स्वरूप पावलेल्या नवजात बालकांच्या गृहभेटींत ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहते; वजन करते, तापमान घेते, श्वास मोजते. त्यानंतरच्या नियमित गृहभेटी पुढे तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. मधल्या काळात बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीकरणाच्या सत्रात येते, पण तेथे यायचे ते बरे असलेल्या मुलाने. आणि आरएसव्हीने इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण सर्वाधिक असते ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणजे संकट नेमके ज्या आठवड्यांत दार ठोठावते, त्याच आठवड्यांत गृहभेटींच्या वेळापत्रकात खिंडार आहे. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्तात बुजवता येईल असे हेच एक खिंडार आहे: पावसाळ्याच्या महिन्यांत, दोन महिन्यांच्या बाळाकडे एक जादा भेट.

अर्थात आशा सेविकेच्या खांद्यावर आणखी एक वही ठेवण्यापूर्वी तिच्या पिशवीत आधीच किती वह्या आहेत ते पाहिले पाहिजे. २००४मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणात गावपातळीवर ‘एस’, डॉक्टरच्या पातळीवर ‘पी’ आणि प्रयोगशाळेच्या पातळीवर ‘एल’ अशी तीन प्रपत्रे आहेत, आणि आता ती संगणकीय प्रणालीत रोजच्या रोज भरावयाची असतात. ‘एस’ प्रपत्रात ‘तीन आठवड्यांहून कमी दिवसांचा खोकला’ हे सदर आहे. पोट उडण्याला सदर नाही. जी आकडे वर पाठवते तिला त्या आकड्यांतून काय निष्पन्न झाले हे क्वचितच कळते. खालून वर माहिती आणि वरून खाली केवळ स्मरणपत्रे, असा व्यवहार फार दिवस चालला की रकाने भरले जातात, पण खरे कारण त्यांत उतरत नाही.

७

कोणी म्हणेल, मोजून काय साधणार? विषाणूवर औषध नाही. पूर्वी या प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते. १९६६च्या सुमारास अमेरिकेत आरएसव्हीविरुद्ध मृत विषाणूची लस काही अर्भकांना टोचण्यात आली, आणि पुढे त्यांना खराखुरा संसर्ग झाला तेव्हा त्यांतील बहुतेकांना इस्पितळात न्यावे लागले; दोन बाळे दगावली. त्या आघाताने हे क्षेत्र कित्येक दशके गारठून गेले. २०१३मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची मूळ घडण उलगडली, तेव्हा वाट मोकळी झाली. आज गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला देण्याची लस आहे, आणि जन्मलेल्या बाळाला एकदाच टोचण्याचे निर्सेव्हिमॅब नावाचे प्रतिपिंड आहे. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३-२४च्या हंगामात ते तान्ह्या बाळांना सरसकट दिले, तेव्हा ते घेतलेल्या बाळांत आरएसव्हीने इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी आढळले. २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांनी यांपैकी एक उपाय योजावा अशी शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र यांपैकी काही अद्याप आलेले नाही.

ते येईल तेव्हा पहिला प्रश्न विचारला जाईल तो हा: टोचायचे केव्हा? प्रतिपिंडांचा प्रभाव काही महिनेच टिकतो. गॅलिसियाचे पंचांग मेळघाटाला चालणार नाही, आणि दिल्लीचेही चालणार नाही. ज्या जिल्ह्याने आपल्या गावांतील श्वास मोजून ठेवले असतील, त्यालाच पाऊस सुरू होण्याआधी तयारी करता येईल. ज्याने मोजले नसतील, त्याला लस मिळूनही ती अवेळी मिळेल. शिवाय विषाणूचा संसर्ग ओळखता आला, तर आज सर्रास लिहून दिली जाणारी निरुपयोगी प्रतिजैविकेही कमी होतील. हा लाभ लहान नाही.

दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच सरलेला असतो, आणि विषाणूंचा मोसम पुरता सरलेला नसतो. दिवाळीत पाहुणे येतील, बाळंतिणीच्या खोलीत जातील, दोन महिन्यांच्या बाळाला उचलून त्याचे मुके घेतील. त्यांतील कोणाला तरी पडसे असेलच. त्याने त्या दिवशी बाळाला दुरूनच पाहावे, आणि घरातल्यांनी असे सांगायला संकोच करू नये. बाळाला पडसे झालेच, तर ते शांत असताना त्याच्या अंगावरचे पांघरूण सारून, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. ते वयाच्या मर्यादेइतके (दोन महिन्यांच्या आत साठ, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास) भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, किंवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर सकाळची वाट पाहू नये.